ब्लाझेनाबाईंचे चोर

आमच्या इमारतीत चोरी झाली तेव्हा पहिला संशय माझ्यावर आला, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसावर कुणी संशय घेतं, म्हणजे याच्या हातून अजून काही घडू शकतं असं लोकांना वाटत असतं. चोरीला गेला होता ब्लाझेनाबाईंचा नाताळचा फराळ.

आमची इमारत गावाच्या टोकाला, जुन्या मोज्यांच्या कारखान्याच्या जागेवर आहे. गावात तिला सगळे पेचोवाक म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांचं काळजीघर. वृद्धाश्रम नव्हे, तो शब्द काढलात तर आमची हेर्मीना काठी उगारेल. वृद्धाश्रम तिकडे जिल्ह्याच्या गावी, टेकडीवर आहे, आणि तिथल्या दारांना आतून कडी नसते. आमच्याकडे प्रत्येकाला आपली दीड खोली, आपलं स्वयंपाकघर, आपली किल्ली आणि बटाटे ठेवायला तळघरात फळ्यांचा एक कप्पा. खिडक्या पुसायला, पाठ चोळून द्यायला, दुपारचा डबा आणायला रादका येते. बाकी सगळं आपलं आपण. अट एकच, ते आपलं आपण जमलं पाहिजे. ज्याला जमेनासं होतं त्याच्या सामानातलं लिफ्टमध्ये मावेल तेवढं खाली येतं आणि जिल्ह्याची गाडी दाराशी लागते. ही अट कुणी बोलून दाखवत नाही. पण जिन्यात भेटलो की आम्ही आधी एकमेकांच्या हातांकडे बघतो, थरथरतात का म्हणून, आणि मग नमस्कार करतो.

ब्लाझेनाबाई लिस्कोव्हा वरच्या खेड्यातल्या पाणचक्कीत जन्मल्या. दुग्धालयात लोण्याच्या खात्यात सारी नोकरी केली, त्यामुळे लोणी कुठल्या कुरणाचं आहे हे वासावरून सांगतात असा त्यांचा दावा. तो कुणी तपासून बघितला नाही, कारण बाई रागावतात. नवरा ल्युमीर पत्र्याचं काम करायचा. निम्म्या तालुक्याच्या छपरांच्या पन्हळी त्याच्या हातच्या. रविवारी बँडमध्ये ट्यूबा फुंकायचा आणि अंत्ययात्रेतही इतका जोरात फुंकायचा की प्रेतं दचकत असावीत. मूल झालं नाही. ब्र्नो शहरात एक भाची आहे. ल्युमीर गेल्यावर बाई चक्कीच्या घरात एकट्या राहिल्या. एका हिवाळ्यात विहिरीपाशी बर्फावरून पाय घसरला, आणि टपालवाला येईपर्यंत त्या तिथंच पडून होत्या. उठल्या, घर विकलं आणि इथं आल्या. त्यांना कुणी आणून सोडलं नाही, हे त्या अजूनही नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगतात.

आमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आज ओव्हन आहे तो त्यांच्यामुळे. म्हाताऱ्यांच्या हाती आग नको, तळमजल्यावर एकच सामाईक भटारखाना पुरे, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. बाई ताज्या बुख्तींचं ताट घेऊन महापौरांच्या कचेरीत गेल्या. आलुबुखाराचा मुरांबा भरलेले, वाफाळते बन त्यांच्या कागदांवरच ठेवले आणि म्हणाल्या, हे तळमजल्यावरून वर नेईपर्यंत गार होतील, आणि गार बुख्ती खायची तर मी मरून गेलेली बरी. महापौरांनी तीन खाल्ल्या. ओव्हन आले.

मी त्यांना लग्नाची मागणी घातली होती असं हेर्मीना गावभर सांगते. साफ खोटं. मी एवढंच विचारलं होतं की आपल्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत पाडावीशी वाटते का. बाई म्हणाल्या, "राहू द्या शेजारी, भिंतीमुळे तुमचं घोरणं जरा कमी ऐकू येतं."

आता फराळाचं. आमच्याकडच्या बायका डिसेंबर लागताच भाजायला बसतात. व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, मुरांबा लावलेली जोडबिस्किटं, गांधीलमाशीच्या घरट्याच्या आकाराची, आत रम भरलेली बिस्किटं. आणि भाजून झालं की लपवतात. बिस्किट मुरलं पाहिजे, मऊ पडलं पाहिजे, आणि त्याआधी घरच्यांनी त्याला हात लावता कामा नये, म्हणून डबे कपाटावर जातात, पलंगाखाली जातात, धुण्याच्या यंत्रात जातात. माझ्या बायकोने एकदा माझ्या मासेमारीच्या बुटांत लपवले होते. ते मी घालून पाहिले तेव्हा कळलं. एकटी राहणारी बाई कुणापासून लपवते असं विचाराल, तर उत्तर नाही. हात लपवायला जातोच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला संत निकोलसचा सण होऊन गेला आणि ब्लाझेनाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझ्या स्वेटरच्या पुढच्या भागाकडे बघितलं, पिठीसाखर सांडली आहे का ते. मग म्हणाल्या की त्यांचा चंद्रकोरींचा डबा गेला. मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, तुमच्या शपथा मी बारा वर्षं ऐकतेय.

मी लगेच संशय लुबोरकडे वळवला. लुबोर वरच्या मजल्यावरचा, निवृत्त इंजिनचालक. त्याला साखरेचा आजार आहे, आणि ज्याला गोड बंद त्याच्यासारखा गोडाचा चोर नाही, असं मी रादकाच्या कानात घातलं. रादकाने ते डब्यांबरोबर मजल्यामजल्यावर पोचवलं. हेर्मीना जन्मभर टपालकचेरीत होती, लोकांची पाकिटं उजेडात धरून बघण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिने आपला स्वतंत्र तपास सुरू केला आणि संध्याकाळपर्यंत ठरवलं की हे काम जोडीने झालंय, लुबोरने उचललं आणि मी पहारा दिला. फार दिवसांनी इमारतीत जान आली होती. लोक दुपारची झोप सोडून जिन्यात उभे राहत.

बाईंनी पुन्हा भाजलं. पुन्हा गेलं. तेव्हा मात्र त्यांच्या ओठांना कंप सुटलेला मी पाहिला, आणि माझी मजा निम्मी झाली.

मग एक दिवस त्यांनी मला तळघराची किल्ली दिली. नाताळच्या झाडाचा लोखंडी पाया त्यांच्या कप्प्यात होता, तेवढा वर आणून द्या म्हणाल्या. चोरालाच किल्ली देताय, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, तिथं काही गोड नाही, कोबीची बरणी आहे, खुशाल चोरा.

कोबीच्या बरणीमागे डबे होते. गुलाबांच्या चित्राचे, घोड्यांच्या चित्राचे, एकावर एक. एक उघडला, चंद्रकोरी. दुसरा, पुन्हा चंद्रकोरी. मी मोठ्याने हसलो. वर जाऊन ही गोष्ट कशी रंगवायची याचीच जुळवाजुळव डोक्यात चालली होती. मग तिसरा उघडला तर त्यात गेल्या वर्षीची बिस्किटं, बुरशीचे हिरवे केस आलेली. चौथ्यात बाईंचा वाचायचा चष्मा, कागदात गुंडाळलेलं लोणी आणि एक मोजा. तिथंच एका पिंपावर मी बसलो. ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती, आणि न सांगता राहणं मला कधी जमलेलं नाही.

मी हेर्मीनाला आणि लुबोरला सांगितलं, दोघांनाच. हेर्मीनाच्या तोंडून पहिलं नाव आलं ते व्रानोव्हाबाईंचं. त्या नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात आहेत, आमचं सगळं त्यांच्या हाती. ऑक्टोबरात ब्लाझेनाबाई नळ उघडा टाकून चर्चला गेल्या आणि खालच्या बिऱ्हाडात पाणी गळलं, तेव्हा व्रानोव्हाबाई येऊन गेल्या होत्या. पुन्हा असं काही दिसलं तर टेकडीवरच्या जागेचा विचार करावा लागेल, असं त्यांनी रादकाला सांगून ठेवलं होतं. आणि आता नाताळाआधी त्या तळघर बघायला यायच्या होत्या, कारण कुणीतरी उंदरांची तक्रार केली होती. ते कुणीतरी म्हणजे हेर्मीना.

डबे हलवायला हवे होते. आमच्या कप्प्यांत ठेवावे तर फळ्यांच्या फटींतून सगळं दिसतं, आणि गुलाबाचे डबे कुणाचे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक. फेकून द्या, असं लुबोर म्हणाला मात्र, हेर्मीनाने छातीवर क्रूसाची खूण केली. नाताळच्या तोंडावर घरची बिस्किटं कचऱ्यात टाकायची? तसा माणूस आमच्या गावात अजून जन्मला नाही. केस आलेली लुबोरच्या मेव्हण्याच्या कोंबड्यांना गेली. उरलेला पुरावा खायचा ठरला.

हेर्मीनाच्या घरी पडदे ओढून दुपारी आम्ही बसायचो. लुबोर आधी पोटात सुई टोचून घ्यायचा आणि मग गाडीचं वेळापत्रक पाळावं तसा खायचा, न बोलता, न थांबता. मी त्याला म्हणालो, "तू यातून मेलास तर तुझ्या थडग्यावर काय लिहायचं?" तो म्हणाला, "पिठीसाखर पसरा नुसती." पहिल्या दिवशी हसलो आम्ही. दुसऱ्या दिवशी घोड्याच्या डब्यातल्या चंद्रकोरी काढल्या. मी एक तोंडात टाकली आणि हेर्मीनाकडे पाहिलं. तिने टाकली आणि लुबोरकडे पाहिलं. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. लोण्याचा वास ओळखणारी बाई. अख्खा डबा आम्ही कॉफीबरोबर खाल्ला, बाईंनी पुढ्यात बसून वाढला असता तर खाल्ला असता तसाच.

शेवटच्या डब्यात हंस होते. ल्युमीरने बायकोसाठी बिस्किटांचा पत्र्याचा साचा केला होता, हंसाचा, पण मान इतकी आखूड झाली होती की हंस बुटासारखा दिसे. असा हंस साऱ्या मोराव्हियात दुसऱ्या कुणाकडे नाही. ताटलीत ते मांडलेले, लुबोरच्या मिश्यांवर साखर, आणि दारात ब्लाझेनाबाई. व्हॅनिलाची साखर उसनी मागायला आल्या होत्या, तिसऱ्यांदा भाजायला. दार नुसतंच लोटलेलं होतं, कारण हेर्मीनाला कोण आलं कोण गेलं ते ऐकू यावं लागतं.

बाईंनी ताटली बघितली. मग आम्हा तिघांना, एकेकाला, सावकाश.

"हंस कसा झालाय, शेजारी?"

"छान झालाय," मी म्हणालो.

"होणारच. माझा आहे."

आणि त्या गेल्या. आम्ही तिघं त्यांना काय सांगणार होतो? तुमचा फराळ तुमच्याच तळघरात होता, तुम्हीच नेऊन ठेवलात आणि विसरलात, असं? हे ऐकून त्यांना काय वाटलं असतं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण त्यापेक्षा आम्ही चोर झालेलं बरं, यावर आमचं तिथल्या तिथं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चर्चची टोपी घालून नगरपालिकेत गेल्या आणि व्रानोव्हाबाईंसमोर आमच्या तिघांची तक्रार नोंदवली. त्याच्या पुढच्या दिवशी व्रानोव्हाबाई आल्या. आम्हाला ब्लाझेनाबाईंच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

व्रानोव्हाबाई वाईट नाहीत. त्यांचं लहानपणी गळणारं नाक मी पाहिलंय. त्या टेबलाशी बसल्या आणि संकोचून म्हणाल्या की ब्लाझेनाकाकू असं असं म्हणतात, आणि त्या स्वतः काही तुम्हाला चोर समजत नाहीत, पण विचारणं भाग आहे. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना खरा प्रश्न वेगळाच पडलाय. चोरी झालीच नसेल, तर काकूंच्या डोक्यात काहीतरी होतंय. चोरी झाली असेल, तर काकूंचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे.

तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि कबुली दिली. अशी कबुली तुम्ही ऐकली नसेल. बाईंनी झाडाच्या पायासाठी किल्ली दिली तिचा मी गैरफायदा घेतला, असं सांगितलं. त्याआधी दोनदा दार उघडं राहिलेलं बघून आत शिरलो, तेव्हा लुबोर जिन्यात खोकून इशारा द्यायला उभा होता, असंही सांगितलं. लुबोरने खोकून दाखवलं. हेर्मीना म्हणाली की माल तिच्या घरी ठेवला जायचा, आणि जन्मभराची सरकारी नोकरी डागाळली म्हणून तिने डोळे पुसले. ते डोळे खरोखर ओले होते. व्रानोव्हाबाई आमच्याकडे बघत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. आम्ही म्हातारपणी वाया गेलो, एवढं त्यांना चालणार होतं. उलट सुटका झाल्यासारख्या हसल्या त्या, आणि ब्लाझेनाबाईंकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे काकू, तुमचं बरोबर होतं. या तिघांनीच चोरलं."

ब्लाझेनाबाई इतका वेळ ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, कप पुसत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"कुणी चोरलं?"

"यांनी. तुमची बिस्किटं. तुम्हीच म्हणालात ना."

"मी?" बाई टेबलाशी आल्या आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "हे माझे शेजारी आहेत. यांना मी दरवर्षी देते. हा लुबोर आजारी असून माझ्या बटाट्यांची पोती खाली नेतो. असल्या माणसांना चोर म्हणायला तुमची जीभ कशी रेटते?"

"काकू," व्रानोव्हाबाई हळूच म्हणाल्या, "काल तुम्ही माझ्या कचेरीत आला होतात. आपण चहा घेतला."

ब्लाझेनाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, खूप वेळ, आणि मग अगदी सभ्यपणे विचारलं, "माफ करा हं, पण तुम्ही कोण?"

लुबोर टोपी हातात घेऊन तिची किनार चाचपत राहिला.

व्रानोव्हाबाईंनी निरोप घेतला. आम्ही तिघं त्यांच्यामागे जिन्यात गेलो. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. त्यांचेही डोळे भरले होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात त्यांच्याविषयी वेगळं बोललं जातं. त्या म्हणाल्या, टेकडीवर नव्या वर्षात एक पलंग रिकामा होतोय. ब्र्नोच्या भाचीला त्या आजच फोन करतील.

हेर्मीना म्हणाली की आम्ही तिघं बघू त्यांच्याकडे. नळ ती बघेल, ओव्हन लुबोर बघेल, दोन्ही वेळेला जाऊन. मी तर शेजारीच, भिंतीपलीकडे. त्यांना कळायचंही नाही. इतके दिवस चाललंच आहे की.

"काका," व्रानोव्हाबाई मला म्हणाल्या, "आणि तुमच्या तिघांकडे कोण बघणार?"

हेर्मीनाने काठी दुसऱ्या हातात घेतली. लुबोरचा चेहरा चंद्रकोरी खाल्ल्यापासून राखेसारखा झाला होता, तो भिंतीला टेकून उभा होता. मी कठड्याला धरून होतो, आणि तो का धरलाय हे बाईंना दिसू नये म्हणून सैल धरायचा प्रयत्न करत होतो. त्यांना दिसत होतं. त्या खाली उतरल्या. बाहेरचं दार आपोआप बंद होतं आमच्याकडे, हलकेच, आवाज न करता. तेही बंद झालं.

आम्हाला घरी जायचं होतं, आपापल्या. पण ब्लाझेनाबाईंचं दार उघडं होतं आणि त्या दारात उभ्या राहून बोलावत होत्या. टेबलावर त्यांनी चार कप मांडले होते, आतून कॉफीचा वास येत होता. गाल लाल झाले होते. महापौरांच्या टेबलावर बुख्ती ठेवून आल्या त्या दिवशी अशाच दिसल्या असतील, असं माझ्या मनात आलं.

"गेली ना ती?" त्यांनी विचारलं.

गेली, म्हणालो.

"बसा मग. कोण कुठली बाई, माझ्या घरात येऊन माझ्या माणसांना बोलते. हेर्मीना, तू रडू नकोस गं. घाबरायचं नाही कुणी. मी आहे इथं, तोवर तुम्हाला इथून कुणी हलवत नाही."

त्यांनी कॉफी ओतली. लुबोरला विचारलं, साखर किती. तो म्हणाला, दोन चमचे, आणि हेर्मीनाने त्याला अडवलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण अशा वेळी बोलायचं काम माझं असतं.

"बरं झालं बाई," मी म्हणालो, "तुम्ही होतात."